गीताचा कर्ता आणि नव्वद श्रोते

अमेरिकेतील टेनेसी राज्याचे नॅशव्हिल हे शहर कंट्री संगीताची राजधानी म्हणून सर्वत्र ओळखले जाते. परंतु त्या राजधानीत गीतरचनेचे खरे पीठ कोणते, असा प्रश्न तेथील एखाद्या जाणकारास केला, तर तो सहस्रावधी आसनांच्या भव्य प्रेक्षागृहाकडे बोट न दाखविता, ग्रीन हिल्स नावाच्या भागात दुकानांच्या एका साध्यासुध्या रांगेत असलेल्या, जेमतेम नव्वद माणसे मावतील एवढ्या ब्लूबर्ड कॅफे या उपाहारगृहाचे नाव सांगण्याचा संभव अधिक आहे. गेली चार दशके तेथे गीते लिहिणारी, त्यांना चाल लावणारी आणि ती आपणच गाणारी माणसे हातात गिटार घेऊन बसतात आणि श्रोते त्यांचा शब्दन्‌शब्द ऐकतात. या लहानशा जागेने एका मोठ्या कलाव्यवसायाचे शील कसे राखले, हे आपण महाराष्ट्रीयांनी समजून घेण्याजोगे आहे. कारण स्वतःचे गीत स्वतः गाणाऱ्या माणसाची परंपरा आपल्याकडे शतकांची असली, तरी आज त्याला बसावयास जागा देण्याच्या बाबतीत आपला कारभार अगदीच ढिला आहे.

या संस्थेचा आरंभ कोणत्याही थोर संकल्पाने झाला नाही. एमी कर्लंड या तरुणीने १९८२ साली ही जागा उघडली, ती मुख्यतः लोकांना चांगले खाऊ घालावे म्हणून. तिचे वडील शेल्डन कर्लंड हे नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणगृहांतील नावाजलेले व्हायोलिनवादक असल्यामुळे वादकांचा व गीतकारांचा वावर तिला परका नव्हता, आणि जेवणाच्या जोडीला थोडे संगीत असावे, एवढ्याच विचाराने गाण्याला तेथे मुभा मिळाली. पण थोड्याच काळात असे दिसून आले की, ज्या रात्री गीतकार एकटा बसून आपली रचना म्हणतो, त्या रात्री येणारे लोक निराळे असतात. ते ऐकण्यासाठीच आलेले असतात. मालकिणीने ही गोष्ट हेरली आणि आपल्या जागेचा सारा बंदोबस्त हळूहळू त्या लोकांच्या सोयीने केला. गिऱ्हाईक वाढावे म्हणून गाणे ठेवणारी उपाहारगृहे जगात पुष्कळ आहेत. गाणे नीट ऐकू यावे म्हणून गिऱ्हाइकांना शिस्त लावणारे उपाहारगृह विरळा.

नॅशव्हिलच्या व्यवसायाची रीत ज्यांना ठाऊक नाही, त्यांना या निर्णयाचे महत्त्व चटकन कळणार नाही. गीत लिहिणारा एक आणि ते गाऊन कीर्ती मिळविणारा दुसरा, असा श्रमविभाग तेथे फार जुना आहे. म्युझिक रो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील प्रकाशनसंस्था गीतकारांना, पुढे मिळणाऱ्या स्वामित्वधनातून वळती करून घेण्याच्या बोलीवर, ठरावीक उचल देतात. गीतकार कचेरीला जावे तसे ठरल्या वेळी एका खोलीत जमतात, दोघे-तिघे मिळून गीत सिद्ध करतात, आणि अशा शेकडो गीतांतून एखादे नामांकित गायकाच्या पसंतीस उतरले तर त्यांचे दैव उघडते. डॉन श्लिट्झ हा तरुण रात्रपाळीत संगणक चालविण्याची नोकरी करीत असे. त्याने लिहिलेले ‘द गॅम्बलर’ हे गीत १९७८ साली केनी रॉजर्स यांच्या आवाजात प्रसिद्ध झाले आणि जगभर गेले. रॉजर्स यांचा चेहरा लक्षावधी लोकांच्या ओळखीचा झाला. श्लिट्झ यांचे नाव मात्र व्यवसायातील मंडळींपलीकडे फारच थोड्यांना माहीत होते. हाताला काम आणि पदराला दाम मिळूनही ज्याचे नाव कोणी घेत नाही अशा कर्त्याला त्याच्या कृतीसह लोकांसमोर बसविणे, हे ब्लूबर्डने पत्करलेले कार्य होय.

१९८५ साली याच श्लिट्झ यांनी फ्रेड नॉब्लॉक, थॉम स्कायलर आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या समव्यवसायी मित्रांसह तेथे एक नवा शिरस्ता घातला. मंचावर श्रोत्यांकडे तोंड करून ओळीने बसण्याऐवजी त्यांनी आपल्या खुर्च्या खोलीच्या मध्यभागी एकमेकांसमोर मांडल्या आणि सभोवती श्रोत्यांची मेजे राहू दिली. एकाने एक गीत म्हणावे, मग शेजाऱ्याने आपले म्हणावे, आणि अशी पाळी फिरत राहावी, एवढीच ती व्यवस्था. त्या व्यवस्थेने गायक आणि श्रोता यांच्यामधील अंतर इतके कमी केले की पुढच्या मेजावरील माणसाला गिटारीच्या तारेवरून सरकणाऱ्या बोटाचा घासल्यासारखा बारीक आवाजही ऐकू यावा. पाळी नसलेले तिघे स्वस्थ बसत नाहीत; कोणी ध्रुवपदापाशी दुसरा स्वर हलकेच मिळवितो, कोणी मधल्या मोकळ्या जागेत चार सुरांची भर घालतो, आणि एखादे गीत फारच एकाकी असेल तर तिघेही हात तारांवर ठेवून नुसते ऐकतात.

गीताच्या आधी कर्ता दोन शब्द बोलतो. कोणाच्या मृत्यूनंतर ते सुचले, कोणते कडवे कित्येक महिने अडून राहिले, सहकाऱ्याने सहज उच्चारलेल्या कोणत्या वाक्याने ते मोकळे झाले, हे तो सांगतो; आणि मग जे गीत श्रोत्यांनी ढोल, व्हायोलिने आणि परिचित गायकाचा कसलेला आवाज यांच्यासह शेकडो वेळा ऐकलेले असते, ते त्याच्या साध्या, कधी थोड्या खरखरीत गळ्यातून, मूळ संथ गतीने बाहेर येते. अशा वेळी श्रोत्याला आवाजाच्या सौंदर्यापेक्षा रचनेचा अस्थिपंजर दिसतो: कोठे शब्द वजनाला कमी पडू नये म्हणून चाल थबकली आहे, कोठे चालीसाठी शब्दाने वाकणे नाकारले आहे, पहिल्या कडव्यात सहज आलेला तपशील शेवटच्या कडव्यात कसा निर्णायक ठरला आहे. काव्याचे हे शिक्षण ग्रंथांतून मिळू शकते, परंतु इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या आनंदाने ते क्वचितच मिळते.

हे सारे ज्याच्या आधारावर उभे आहे तो त्या जागेचा एकच नियम आहे, आणि तो म्हणजे मौन. बोलणाऱ्याला तेथे नम्रपणे पण निश्चयाने गप्प केले जाते. ओठांवर बोट ठेवून केलेला तो ‘श्श’ हीच ब्लूबर्डची मुद्रा होऊन बसली आहे. काहींना हा नियम शिष्टपणाचा वाटतो. पण गोंगाटात गाणाऱ्या माणसावर काय प्रसंग ओढवतो, ते पाहिले म्हणजे या नियमातील न्याय पटतो. जेथे पेल्यांचा आवाज आणि गप्पांचा कल्लोळ यांवर मात केल्यावाचून गाणे पोहोचत नाही, तेथे गाणारा ठेका वाढवितो, ध्रुवपद पुन्हापुन्हा म्हणतो, आणि पुढे पुढे लिहितानाच असे लिहू लागतो की अर्धवट लक्ष असलेल्या माणसालाही ते कळावे. ज्या गीतात बाप मुलीची क्षमा मागतो, किंवा एखादी विधवा घरातील वस्तूंची नुसती यादी सांगत जाते, असे गीत त्या गोंगाटात जन्मालाच येत नाही. ऐकणारी खोली असेल तर ऐकण्याजोगी गीते लिहिली जातात, असा हा कार्यकारणभाव आहे. आणि म्हणूनच खोलीची निगा राखणे हे साहित्याचीच निगा राखणे आहे, असे मी मानतो.

ब्लूबर्डची कीर्ती सांगताना लोक बहुधा दोन नावे घेतात. गार्थ ब्रुक्स हे एक. ज्या कॅपिटल या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना आधी नाकारले होते, तिच्याच लिन शल्ट्स या अधिकाऱ्याने १९८८ साली त्यांना या खोलीत ऐकले आणि कंपनीचा निर्णय फिरला. पुढे ब्रुक्स यांच्या ध्वनिमुद्रिकांचा खप हा अमेरिकेच्या संगीतव्यवसायातील सर्वांत मोठ्या खपांपैकी एक ठरला. दुसरे नाव टेलर स्विफ्ट यांचे. २००४ साली, वयाची पंधरा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्या येथे गायल्या. तेव्हा नव्या कंपनीची जुळवाजुळव करीत असलेले स्कॉट बोरचेटा श्रोत्यांत होते आणि त्या कंपनीचा करार स्विफ्ट यांना मिळाला. या कथा खऱ्या आहेत, पण त्यांतून निव्वळ भाग्योदयाचा बोध घेणे उथळपणाचे होईल. पहिल्या कथेतील मर्म असे की, जो माणूस कंपनीच्या दफ्तरात बसून पारखता आला नाही, तो माणसांनी भरलेल्या शांत खोलीत पारखता आला. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, सोमवारची रात्र तेथे कोणाही नवख्यासाठी खुली असते, आणि रविवारच्या रात्री निवडचाचणीतून आलेल्या नव्या गीतकारांना आपल्या रचना ऐकविता येतात. ज्यांचे नाव कधीच होणार नाही अशा शेकडो लोकांना आपले गीत एकदा तरी पूर्ण शांततेत ऐकविता आले, हे त्या संस्थेचे मोठे पुण्य आहे.

अशी जागा टिकते कशी, हा व्यवहाराचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्यवहारातच शोधले पाहिजे. नव्वद आसनांचा जमाखर्च कोणत्याही वाढत्या शहरात कधीच सोपा नसतो. जमिनीचे मोल वाढले की अशा जागेवर पहिला घाव पडतो. नॅशव्हिलमध्येच २०१४ साली आर.सी.ए. या ध्वनिमुद्रिका कंपनीचा ऐतिहासिक स्टुडिओ ए जमीनदोस्त होण्याची पाळी आली होती आणि संगीतप्रेमींच्या खटपटीने व काही जणांनी वेळीच पैसा उभा केल्याने तो वाचला. एमी कर्लंड यांनी मात्र संकटाची वाट पाहिली नाही. पंचवीस वर्षे जागा चालविल्यानंतर, २००८ साली, त्यांनी ती १९६७ पासून गीतकारांच्या हक्कांसाठी झटत असलेल्या नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल या संस्थेच्या स्वाधीन केली. म्हणजे जागा ज्यांच्या कामी येते, त्यांच्याच संघटनेकडे तिची मालकी गेली. पुढे २०१२ पासून नॅशव्हिल नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेने या खोलीची हुबेहूब प्रतिकृती उभारून ती घरोघर नेली, तेव्हा प्रवाशांची इतकी रीघ लागली की आसन मिळणे दुरापास्त झाले. एखादा नफेखोर मालक असता तर त्याने त्या लाटेत भिंती पाडून जागा चौपट केली असती. येथे मात्र खोली तेवढीच राहिली, मौनाचा नियम तोच राहिला, सोमवारची रात्रही नवख्यांकडेच राहिली. विश्वस्तपणाचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

गीतकाराच्या प्राप्तीची बाब येथे टाळता येत नाही. ध्वनिमुद्रिका विकत घेतल्या जात होत्या, तोवर एका संचातील दहा गीतांपैकी लोकप्रिय एकच झाले, तरी संच विकला गेला की उरलेल्या नऊ गीतांच्या कर्त्यांनाही प्रत्येकी तेवढेच स्वामित्वधन मिळे. आता श्रोता संच घेत नाही, हव्या त्या गीतावर बोट ठेवून तेवढेच ऐकतो. त्यामुळे त्या नऊ जणांची चूल ज्या उत्पन्नावर चालत होती, ते उत्पन्नच आटले. आपल्याकडे २०१२ साली प्रताधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकारांना व संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क दिला आणि तो निर्मात्याला परस्पर लिहून देता येणार नाही अशी तजवीज केली, ही मोठीच गोष्ट झाली. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आणि बाहेर केलेला प्रयत्न सर्वश्रुत आहे. कायद्याने हक्क मिळतो, पण समाजाच्या स्मरणात नाव राहते ते ऐकणाऱ्यांच्या सवयीने. आकाशवाणीवर गीत वाजण्यापूर्वी कवी, संगीतकार आणि गायक या तिघांची नावे सांगण्याची जी शिस्त होती, तिने मराठी घराघरांत कवींची नावे पोहोचविली. आज हातातल्या यंत्राच्या पडद्यावर बहुधा गायकाचेच नाव मोठ्या अक्षरांत दिसते.

आणि आपण तर या विषयात नवखे नाही. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत बसून शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर रचला, तेव्हा पद आणि स्वर दोन्ही निर्माण करणाऱ्या वाग्गेयकाराची लक्षणे त्याने विस्ताराने सांगितली आणि त्याला केवळ गाणाऱ्याहून वेगळी प्रतिष्ठा दिली. आपले संत आपले अभंग स्वतः गात होते. शाहिरांनी पोवाडे आणि लावण्या स्वतः रचून डफ-तुणतुण्यावर म्हटल्या. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांनी तोच वारसा कामगारांच्या वस्त्यांत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेला. वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी चळवळीचे गीत स्वतः लिहून गावोगाव स्वतः गायिले. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवींनी आपल्या कविता चालीवर गाऊन दाखविल्या आणि काव्यगायनाची आवड महाराष्ट्रभर रुजविली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर हे तिघे एकत्र बसून आळीपाळीने आपल्या कविता ऐकवीत तालुक्याच्या गावांपर्यंत गेले. ते गात नव्हते एवढाच फरक, एरव्ही श्लिट्झ आणि त्यांच्या मित्रांच्या बैठकीशी त्यांचे नाते अगदी सख्खे आहे. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमाला २००३ पासून मिळालेल्या प्रतिसादाने, कवीला त्याच्याच तोंडून ऐकण्याची हौस मराठी माणसात अजून जिवंत आहे, हे पुरते सिद्ध केले.

मग उणीव कशाची आहे? लहान आणि शांत जागेची. आपल्याकडे नाट्यगृहे आहेत, पण ती आठशे-हजार आसनांची. त्यांचे भाडे, अनामत रक्कम, तारखांसाठी करावे लागणारे अर्ज आणि शिफारशी हे सारे नवख्या गीतकाराच्या आवाक्याबाहेरचे. दुसऱ्या टोकाला शहरांतील उपाहारगृहे आहेत, जेथे गिटार घेऊन बसलेल्या मुलाकडून लोकप्रिय हिंदी गाण्यांची फर्माईश होते आणि त्याचे स्वतःचे मराठी गीत वाढप्याच्या हाकेत बुडून जाते. या दोहोंच्या मधली जागा काय करू शकते, हे आपण एकदा पाहिलेले आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले, तेव्हा ती शाळेची एक साधी खोली होती, पण त्या खोलीने मराठी प्रायोगिक रंगभूमीला लेखक, नट, दिग्दर्शक आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जाणते प्रेक्षक दिले. पुण्यातील सुदर्शन रंगमंचाने पुढे तेच व्रत चालविले. नाटकाला जे मिळाले ते गीताला मिळू नये, असे कोणतेही कारण नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, आपली परंपरा टाळ्यांची, गजराची, श्रोत्यांनी ध्रुवपद उचलून धरण्याची आहे. मौनाची शिस्त आपल्या मातीतली नव्हे. कीर्तनात आणि शाहिरी जलशात श्रोत्यांचा आवाज हा गाण्याचाच भाग असतो, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्या मैदानावर कोणी ‘श्श’ म्हणू लागला तर तो अरसिकच ठरेल. परंतु याच महाराष्ट्राने शास्त्रीय गायनाच्या घरगुती बैठकीही जोपासल्या, जेथे योग्य जागी आलेली दाद हीच ऐकण्याची साक्ष असे आणि मध्येच गप्पा मारणाऱ्याला घरमालक क्षमा करीत नसे. दोन्ही रीती आपल्याच आहेत; एकटा बसून हलक्या आवाजात गाणाऱ्या गीतकाराला दुसरीची गरज आहे. दुसरा आक्षेप असा की, आता प्रत्येकाच्या हाती यंत्र आहे, कोणीही आपले गीत क्षणात जगापुढे ठेवू शकतो, मग खोली कशाला? याचे उत्तर असे की, यंत्रावर किती जणांनी ऐकले हे कळते, पण कसे ऐकले हे कळत नाही. तिसऱ्या कडव्याला खोलीतील हालचाल थांबली की चुळबुळ सुरू झाली, हे ज्याने स्वतः अनुभवले, त्याचे पुढचे गीत त्या अनुभवाने सुधारते. या तालमीला दुसरा पर्याय नाही.

म्हणून माझे सांगणे स्पष्ट आहे. महानगरपालिकांच्या आणि नगरपरिषदांच्या ताब्यात शाळांची सभागृहे, वाचनालयांचे वरचे मजले, नाट्यगृहांतील तालमीच्या खोल्या आहेत. त्यांतील पुष्कळ जागा सायंकाळी कुलुपात असतात. प्रत्येक शहराने यांपैकी एक, शंभर आसनांची, महिन्यातून दोन सायंकाळी स्वरचित मराठी गीतांसाठी नाममात्र भाड्याने राखून ठेवावी. तिची व्यवस्था अधिकाऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता गीतकार, संगीतकार आणि श्रोते यांच्या लहानशा विश्वस्त मंडळाकडे द्यावी. दोहोंपैकी एक सायंकाळ नवख्यांसाठी असावी आणि निवड उघडपणे व्हावी. तिकिटाचे पैसे गाणाऱ्यांना मिळावेत. आणि हारतुरे, प्रास्ताविके व पुढाऱ्यांची भाषणे यांना त्या खोलीत मज्जाव असावा. बोली कोणतीही असो, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, ज्याचे गीत त्याच्या बोलीत असेल त्याला तेथे तितकाच मान मिळावा. वृत्तपत्रांनी अशा बैठकांचे वृत्त देताना, आणि एरव्हीही, गीताच्या उल्लेखासोबत त्याच्या कर्त्याचे नाव छापण्याचा नियम पाळावा.

राहता राहिला श्रोता, आणि अखेरीस सारे त्याच्यावरच अवलंबून आहे. सरकारी हुकमाने सभागृह मिळू शकते, श्रोता मिळत नाही. आपल्या गावात कोणी आपली गीते आपण गात असेल, तर तिकीट काढून जावे, फोन बंद करून बसावे, परिचित गाण्याची फर्माईश करू नये, आणि निघताना त्या गीताच्या कर्त्याचे नाव लक्षात ठेवून दुसऱ्या चौघांना सांगावे. एवढे करणारे नव्वद श्रोते एखाद्या शहरात सातत्याने मिळाले, तर नॅशव्हिलमध्ये जे घडले ते नाशिकला, नांदेडला आणि सावंतवाडीला घडू शकेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.